तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या उंचीला वजन किती हवं?

‘उंची पाच फूट दोन इंच आहे, वजन किती हवं?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तरात एकच आकडा हवा असतो. तसा एक आकडा नसतो. असतो तो दहा-अकरा किलोंचा पट्टा, आणि त्यात बसलात तरी शिंप्याची टेप काढावी लागतेच.

आधी पट्टा काढू. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. पाच फूट दोन म्हणजे साधारण १५७ सेंटिमीटर; १.५७ चा वर्ग २.४६. भारतीय प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ हा बीएमआय ठीक धरतात, म्हणजे या उंचीला ४६ ते ५६ किलो. २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. घरोघरी चालणारा ‘उंचीतून शंभर वजा करा’ हा हिशेब उंच माणसाला फसवतो: १८० सेंटिमीटरला तो ८० किलो सांगतो, पण आपली वरची मर्यादा ७४ च्या आसपास येते. गरोदर बाई, वाढतं मूल, अंगावर सूज असलेला माणूस आणि कसलेला पैलवान यांना मात्र हा हिशेब लावू नका.

जगभर २५ पर्यंत चालतं, मग आपल्यालाच २३ का? याचं उत्तर बरंचसं पुण्यात मिळालं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! हा फरक जन्मापासूनचा असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. तरी पाठीवरच्या कातडीखालची चरबी आपल्या बाळांच्या अंगावर जवळपास तेवढीच होती. उणे होते ते स्नायू. ‘आमच्यात सगळेच काटकुळे, आम्हाला कसली शुगर’ असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी कंबर मोजायला सांगते. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशा माणसाच्या आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठलेली असते, आणि इन्सुलिनच्या कामात तीच आडवी येते.

कंबर मोजताना बहुतेकांचं चुकतं. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पँट पोटाखाली बसते आणि पोट तिच्यावरून पुढे येतं. उघड्या अंगावर मोजा. कुशीत बोटांनी चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या बरोबर मधे टेप धरा. आरशात बघा, टेप पाठीमागे खाली घसरलेली नको. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. सोपा ताळा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. बीएमआय २२ आणि कंबर ८८ असलेल्या बाईला माझ्या मते ‘वजन छान आहे’ असं सांगून घरी पाठवणं चूक आहे. तिची उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीचं प्रमाण तपासायलाच हवं.

वजनकाटा टणक फरशीवर ठेवा, आणि सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आठवड्यातून एकदाच उभे राहा. दोन दिवस भात-पोळी सोडली की किलो-दीड किलो उतरतं. त्यातलं बरंचसं पाणीच असतं: स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेवढं निघून जातं आणि जेवण पूर्ववत झालं की परत येतं. घाईने, उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. साठीनंतर हे फार महागात पडतं. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा; १२ सेकंदांत होत नसेल तर वजन उतरवण्याआधी पायांत ताकद आणायला हवी.

वजन खरंच जास्त असेल तर एकदम पट्ट्यात यायची गरज नाही. ७२ किलोंच्या बाईचे चार-पाच किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो.

काही न करता वजन उतरत असेल तर मात्र सांभाळा. सहा महिने ते वर्षभरात ७० चे ६६ झाले, लोक ‘किती छान बारीक झालात’ म्हणताहेत, आणि तहान वाढली आहे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतंय किंवा संध्याकाळी कणकण वाटतेय, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग यांतलं काहीही असू शकतं.