उंबरठ्याशी अडलेले पाऊल

आज भाऊकाका माजघराच्या उंबरठ्याशी थांबले ते थांबलेच, आणि मी हात धरताच काकू म्हणाल्या, "ओढू नको रे, पाय भुईला चिकटलेत त्यांचे." थोड्याच वेळापूर्वी हेच काका पाखाडीच्या चिऱ्याच्या पायऱ्या विनासायास चढून आले होते!

काकांना पार्किन्सन्स आहे. या आजारात मेंदूतील डोपामाइन हे हालचालींना लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात आणि एरवी आपोआप घडणारे चालणे अडखळते. मात्र पायरीची कड किंवा जमिनीवरची आडवी रेघ समोर दिसली, की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. काकूंनी दारामागची काठी त्यांच्या पायांपुढे आडवी धरली आणि ती ओलांडून काका आत गेले.

चुलतभावाने त्यांना रोबोटिक उपचारासाठी मुंबईला न्यायचे ठरवले आहे. त्यात पट्ट्यांनी शरीराचा भार तोलून धरतात आणि मोटरवर चालणारे आधार ट्रेडमिलवर पाय एका लयीत हलवतात. पडण्याची भीती न बाळगता भरपूर सराव होतो, हे खरेच. पण तेवढ्याच तीव्रतेच्या साध्या ट्रेडमिल-सरावापेक्षा हे यंत्र सरस ठरतेच, असे अभ्यासांतून दिसलेले नाही. (थाट मात्र मोठा!)

मग हा नियमित सराव करून घेणारा फिजिओथेरपिस्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावीच का मिळू नये?