तुम्ही विचारलंत म्हणून: दौलताबाद वाटेतच आहे, मग शेवटच्या दिवशी का?

संभाजीनगरहून वेरूळला निघालं की दौलताबाद वाटेतच लागतो. मग पहिल्या दिवशी त्याच्या पायथ्यावरून गाडी तशीच पुढे का न्यायची, आणि सहाव्या दिवशी मुद्दाम त्याच रस्त्याने पुन्हा का यायचं? योग, लेणी आणि बेताचं चालणं अशी आठवड्याची सहल आखून दिली की हा प्रश्न येतोच. त्याच्यामागून दुसरा येतो: योग घरी होतो, चालणं बागेत होतं, लेणी तर लोक दोन दिवसांत करतात, मग इतके दिवस कशाला? पेट्रोल, रजा आणि खोल्यांचं भाडं मोजून विचारलेले प्रश्न आहेत हे. ‘सावकाश बघण्यात वेगळाच आनंद असतो’ असं गुळमुळीत उत्तर देऊन ते सुटत नाहीत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी किल्ल्याचं. दौलताबादला चढायला दम लागतो हे सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळे चढण्याचीच तयारी करतात. पाणी घेतात, टोपी घेतात, मध्ये मध्ये थांबतात. चढताना लागलेला दम मात्र वर बारादरीत, म्हणजे माथ्याजवळच्या महालात, दहा मिनिटं बसलं की जातो. त्रास उतरण्यात आहे आणि तो त्या दिवशी कळत नाही. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास सांगतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की त्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. प्रत्येक पायरीला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. अशा ताणाने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती दुखायला लागते दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांनी सुरुवात, अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास कळस, काहींना तिसरा दिवसही जड जातो. रोज पाच किलोमीटर सपाटीवर चालणाऱ्यालाही हे चुकत नाही, कारण सपाटीवर हा स्नायू असा वापरलाच जात नाही.

आता नेहमीचा दोन दिवसांचा बेत घ्या. पहिल्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा. नकाशावर याच्याइतकं सोयीचं काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं, शंभर किलोमीटर गाडीत बसायचं. गाडीतून उतरतानाच मांड्या आखडलेल्या असतात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून चार किलोमीटर बसने जायचं, म्हणजे आणखी एकदा चढणं-उतरणं. मग पायऱ्या. कठडा धरून, एक पाय टेकवून, दुसरा त्याच पायरीवर आणून माणूस पहिल्या लेण्याशी पोचतो. तिथे चपला-बूट काढायचे असतात. चित्रांच्या लेण्यांमध्ये हा नियम आहे आणि योग्यच आहे. पण बूट काढायला वाकावं लागतं किंवा खाली बसावं लागतं, आणि खाली बसलं की उठावं लागतं. आदल्या दिवशी किल्ला उतरलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही.

इथे एक वाक्य ऐकू येतं. सहसा घरातलं वडीलधारं माणूस बोलतं, पण चाळिशीतली माणसंही बोलतात: ‘तुम्ही बघून या, मी इथे बसतो.’

आणि तो माणूस ओसरीच्या कडेला बसून राहतो. आत, गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या हाताला, काही पावलांवर पद्मपाणी आहे. हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या, डोक्यावर रत्नजडित मुकुट. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर जन्मभर पाहिलेलं चित्र प्रत्यक्ष पाहायला म्हणून हा माणूस आलेला असतो, आणि बुटाच्या नाड्या सोडवत नाहीत म्हणून बाहेर थांबतो. लाज वाटते म्हणून कुणाला सांगत नाही. ‘गर्दी फार आहे’ असं काहीतरी म्हणतो. दुसऱ्या लेण्याशी तेच. सोळा आणि सतराशी तेच. सव्वीसपर्यंत तर तो येतच नाही. तिथे डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. ती न पाहता तो परतीच्या बसमध्ये जाऊन बसतो. हे वाक्य मला सहन होत नाही, म्हणून दौलताबाद शेवटी.

‘आमचे गुडघे चांगले आहेत’ हे उत्तर तयार असतं. असतीलही. स्नायूचं दुखणं आणि गुडघ्याचा आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट चांगल्या गुडघ्यांची माणसं भरभर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखवून घेतात.

म्हणून क्रम असा लावते. रविवारी पोचायचं. सोमवारी अजिंठा बंद असतो, तेव्हा वेरूळ. मंगळवारी वेरूळ बंद, तो दिवस विश्रांतीचा, आणि संध्याकाळी फर्दापूरला मुक्कामाला. बुधवारी सकाळी ताज्या पायांनी अजिंठा, गाडीत अडीच-तीन तास न घालवता. गुरुवारी परत येऊन संध्याकाळी बीबी का मकबरा. सपाट बाग, पायांना काही त्रास नाही. शुक्रवारी वेरूळची उरलेली लेणी. शनिवारी सकाळी लवकर दौलताबाद. त्याच्या दुखण्याला मग पुढे बिघडवायला काही उरत नाही.

योग घरी होतो, हे खरंच आहे. पण घरचा योग जसाच्या तसा इथे आणला तर नुकसान होतं, आणि हे शिकवणाऱ्यांनाही पटवावं लागतं. तासभर सूर्यनमस्कार, वीरभद्रासनात दीर्घ थांबणं, असा सकाळचा दणदणीत वर्ग घेऊन माणसं लेण्यांत नेली, की अकरा वाजता त्यांचे पाय संपलेले असतात. कारण लेणी पाहणं हे चालणं नाहीच. दहा पावलं टाकायची, पाच मिनिटं दगडावर उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं. चालताना पोटरी रक्त वर ढकलत असते. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त पायांत साचतं. त्यात ऊन आणि कमी प्यायलेलं पाणी. कैलास लेण्याच्या अंगणात बारा वाजता चक्कर येते ती यामुळे, अशक्तपणामुळे नव्हे. उपाय साधा आहे: दर काही मिनिटांनी टाचा उचलायच्या, पंधरा वेळा, खांबापासून हातभर दूर राहून. खांबाला किंवा भिंतीला टेकायचं नाही, हात लावायचा नाही. आणि बसायला दगडी पायरी दिसली की बसायचं, थकण्याची वाट न पाहता.

सकाळी पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात, उपाशीपोटी. ताडासन, मार्जारासन, भिंतीला हात लावून पोटऱ्यांचा ताण, घोट्यांची वर्तुळं, एका पायावर तोल. तोलाचा सराव सोडायचा नाही. लेण्यांतल्या उंबरठ्यांवर आणि अंधारात तोच उपयोगी पडतो. अजिंठ्याच्या दिवशी मान मागे टाकायची आसनं पूर्ण वगळायची. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याची छतं चित्रांनी भरलेली आहेत, मान दिवसभर मागेच जाणार आहे. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली खांबावर कोरलेलं नाव शोधतानाही वरच बघावं लागतं. तेव्हा तळाशी मातीदगडांचा ढीग होता, त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. छतासाठी मी हातभर रुंदीचा नव्हे, तळहाताएवढा आरसा सोबत ठेवायला सांगते. तो छातीशी आडवा धरला की मान खाली ठेवून छत पाहता येतं. सुरुवातीला लोक संकोचतात, मग एकमेकांकडे मागतात.

मुख्य योग संध्याकाळी. नाश्ता-चहानंतर दीड-दोन तास गेलेले असावेत, जेवणाआधी. पाठीवर झोपून पाय भिंतीला उभे, आठ-दहा मिनिटं; कंबरेखाली उशी नको, नितंब जमिनीवरच. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंबर उचलून पाय वर करायचे कुठलेही प्रकार करू नयेत. मग पंचा तळपायाला अडकवून एकेक पाय वर, गुडघा किंचित वाकलेला चालेल. शेवटी शवासन. कपालभाती आणि भस्त्रिका मी या आठवड्यात घेत नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेली माणसं गटात असतातच आणि सगळ्यांची सगळी माहिती आधी मिळालेली नसते.

योग आणि लेणी खरोखर कुठे एकत्र येतात, तर लेण्याच्या ओसरीत. बाहेर रखरखीत ऊन, आत मंद उजेड. डोळ्यांना अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस-तीस मिनिटं लागतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच फरक जाणवायला लागतो. बहुतेक लोक तीन मिनिटांत आत जाऊन ‘काही दिसतच नाही’ म्हणत बाहेर पडतात. म्हणून बसमधून उतरल्यापासून काळा चष्मा लावायचा, तो ओसरीत आल्यावरच काढायचा. तिथे सावलीत, वाट न अडवता बसायचं, तळहात डोळ्यांवर झाकायचे, बुबुळांवर दाब न देता, आणि श्वास सावकाश सोडत तीन-चार मिनिटं राहायचं. मग आत. भिंतीवरचा तपकिरी पडदा हळूहळू सुटतो. आधी कमरेची वळणं, मग दागिन्यांचे मोती, सगळ्यांत शेवटी निळा रंग. ज्यांना ‘लेण्यात ध्यान करायचंय’ असतं त्यांना मी ही ओसरीच देते. चित्रांच्या लेण्यांत माणसं ठरावीक संख्येनेच सोडतात, कारण गर्दीच्या श्वासातली वाफ रंगांना मारक आहे. तिथे आसन घालून बसणं म्हणजे मागच्यांची जागा आणि चित्रांचं आयुष्य दोन्ही खाणं.

वेरूळचा उजेड वेगळा. लेण्यांची तोंडं पश्चिमेकडे, म्हणून सकाळी सावली आणि दुपारनंतर ऊन थेट आत. चालायला सकाळ बरी, शिल्पं पाहायला दुपार. दोन्ही हवं म्हणून मी सोमवारी सकाळी पहिली बारा, म्हणजे बौद्ध लेणी घेते आणि जेवून, पडून, साडेतीनला कैलास. जैन लेणी, तीस ते चौतीस, कैलासापासून किलोमीटरभराहून लांब आहेत. ती शुक्रवारी चालत, रस्त्याने. एकाच दिवशी सगळी चौतीस ‘करून टाकू’ म्हणणाऱ्यांना बत्तिसाव्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, काय होतं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

एके काळी मी म्हणत असे की अशा सहलीत दौलताबाद घ्यायचाच नाही. बेताच्या चालण्यात तो बसत नाही, अंधारीत, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांचा वास, पायाखालचं दिसत नाही. ते म्हणणं अजूनही मला पुरतं सोडवत नाही. पण देवगिरीचा तासलेला उभा कडा आणि खंदक खालून पाहिल्यावर ‘वर नको’ असं कुणाला सांगणंही जमत नाही. आता दोन गट करते. एक चांदमिनार, भारतमाता मंदिर आणि चिनी महालापर्यंत जाऊन परततो. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा जिथे कैदेत होता ती जागा पाहूनच पुष्कळ होतं. दुसरा वर जातो. उतरण्याआधी त्यांच्या बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधून घेते, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. काठी सपाटीपेक्षा चार बोटं लांब, टोकाला रबर हवंच. लोखंडी टोक गुळगुळीत काळ्या दगडावर घसरतं. काठी आधी खालच्या पायरीवर, मग पाय. मोठ्या पायरीला आडवं वळून उतरायचं. मांडी थरथरायला लागली की थांबायचं, ‘थोडंच राहिलंय’ म्हणून ओढायचं नाही, कारण माणसं पडतात ती शेवटच्या टप्प्यात.

आणि यावर जो आक्षेप आहे तो मला मान्य आहे: शनिवारी किल्ला उतरून त्याच दुपारी पुण्या-मुंबईला निघालेला माणूस सहा-सात तास गाडीत बसतो, आणि रविवारी त्याला जिने उतरवत नाहीत. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चाललं तर ताठरपणा कमी होतो, दुखणं टळत नाही. शनिवारचा मुक्काम वाढवला तर बरं, पण एक रात्र आणि एक रजा वाढते. बऱ्याच जणांना ती परवडत नाही. त्यांना मी चिनी महालापाशीच थांबा म्हणते. निम्मे ऐकतात.