नागपूर ते डॅलस: अंतर चौदा हजार किलोमीटर, प्रवास चोवीस तासांहून जास्त

पृथ्वीच्या गोलावर नागपूरला बोट ठेवा आणि दोरा ताणून डॅलसपर्यंत न्या. तो अरबी समुद्राकडे वळतच नाही. सरळ उत्तरेला हिमालय आणि सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवापासून साधारण चारशे किलोमीटरवरून निघतो आणि कॅनडावरून टेक्सासमध्ये उतरतो. नागपूर ७९ अंश पूर्वेला, डॅलस ९७ अंश पश्चिमेला. बेरीज १७६, म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर. हे अंतर भरतं सुमारे १४,००० किलोमीटर. विमानाच्या वेगाने सोळा तास.

मुलांकडे निघालेले आईबाबा हाच सोळा तासांचा आकडा धरून बसतात. पण असं थेट विमान नाही.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून कतारमधल्या दोह्यामार्गे गेलात तर २,८५० अधिक १२,७५० असे १५,६०० किलोमीटर होतात. पहिला टप्पा साधारण साडेचार तासांचा, दुसरा सोळा तासांच्या आसपास. वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो. परतीला हवेतले दोनेक तास वाचतात. दोह्याचं विमान रोज असेलच असं नाही, म्हणून आधी वार बघा, मग तारीख ठरवा. थांबा किमान तीन तासांचा घ्या. तासा-दीड तासाची जोडणी तिकिटावर छान दिसते, पण नागपूरहून उशीर झाला की पुढचं विमान हातचं जातं.

मुंबई किंवा दिल्लीमार्गे जायचं असेल तर एकच गोष्ट जिवापाड सांभाळा: नागपूरपासून डॅलसपर्यंत एकच तिकीट, एकच पीएनआर. स्वस्त पडतं म्हणून देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं की तीन ठिकाणी अडतं. देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा १५ किलोच सामान चालतं आणि तुमच्याकडे २३-२३ किलोच्या दोन बॅगा असतात. जादा वजनाचे पैसे वेगळे भरावे लागतात. मुंबईत विमान टर्मिनल एकला उतरलं तर बॅगा घेऊन रस्त्याने टर्मिनल दोन गाठावं लागतं. आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं हे हमखास घडवतं. त्या दिवसांत दिल्ली टाळलेलीच बरी.

अमेरिकेत आधी न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरत असाल तर बॅगा डॅलसपर्यंत टॅग केलेल्या असल्या तरी तिथे पट्ट्यावरून उचलून, कस्टम ओलांडून पुन्हा द्याव्या लागतात. हे माहीत नसलं की माणसं नुसती हँडबॅग घेऊन पुढे जातात. दोहा-डॅलस विमानात ही कटकट नाही, सगळं डॅलसलाच. वयस्कांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. गोळ्या हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सावजी मसाल्याचं बंद पाकीट नेता येतं, फक्त फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचं सामान आहे असं सांगा. ताजी संत्री मात्र घरीच ठेवा, ती अमेरिकेत नेऊ देत नाहीत.

डॅलस उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, नोव्हेंबर ते मार्च साडेअकरा. तिथे दुपारी चारला विमान टेकलं की नागपुरात रात्रीचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात, आणि इमिग्रेशन, बॅगा यात पुढे दीड-दोन तास सहज जातात. घरी फोनची वाट बघणाऱ्यांनी पहाटेचा गजर लावून खुशाल झोपावं.