ऑरियसची पारख आणि बेकरचे ठसे
रोमन ऑरियस (सोन्याचे नाणे) पारखताना केवळ वजनावर विसंबू नये, असे माझे मत आहे; सम्राट नीरोने ते सुमारे 7.3 ग्रॅमवर आणले, हे नक्कल करणाऱ्यालाही ठाऊक असते. ठसा कोरणाऱ्याचा हात मात्र सहसा लपत नाही. जर्मन नक्कलकार कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) याने स्वतः ठसे कोरून नाणी पाडली, आणि ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसासह पेटीत घालून घोडागाडीतून फिरवली (चिकाटी मानलीच पाहिजे), तरी त्याच्या काळाची अभिरुची त्या चेहऱ्यांत उतरलीच. म्हणून केसांच्या बटा, डोळ्यांची ठेवण आणि अक्षरांचे वळण नाण्यावर असलेल्या सम्राटाच्याच निर्विवाद नाण्यांशी ताडून पाहावे. अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेपुढे मात्र ही कसोटी लंगडी पडते. तेथे कडा आणि पृष्ठभागच तपासावा लागतो.