सरांनी लेबलवर लिहिलेली नावं

आमचे सर गेले. साताऱ्याच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतरही त्यांच्या घरी जुन्या विद्यार्थ्यांचा राबता कधी थांबला नाही. दुपारी चारला संगम माहुलीला अंत्यविधी झाले, तेव्हा इथे एडिनबरात सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी कामावर होते. इतक्या लांबून वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी काकूंना फोन केला. "सारखं तुझं नाव काढायचे गं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे आम्हा दोघींनाही बोलवेना.

मी इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या हर्बेरियममध्ये काम करते. बाग 1670 सालची, आणि वाळवून ठेवलेले वनस्पतींचे नमुने सुमारे 30 लाख. एखादं कपाट उघडावं तर दीडशे वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीत खुडलेली फांदी समोर येते. खाली कुणा गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव, आणि ठिकाण म्हणून कधीकधी नुसतं 'मलबार, कोकण वगैरे'. त्या साहेबाला रानातून वाट काढत तिथवर कुणी नेलं, झाड कुणी दाखवलं, याचा पत्ता सहसा नसतो. असं लेबल हातात आलं की मला सर आठवतात. त्यांच्या हातून असं लेबल कधी गेलं नसतं.

पावसाळ्यात ते आम्हाला यवतेश्वरचा घाट चढवून कासला न्यायचे. 2012 साली पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात पोषण जवळजवळ नाही. म्हणून दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिकट पानांवर किडे धरून आपली गरज भागवते. हे सर वर्गात सांगत नसत. भर पावसात आम्हाला तिथे पोटावर झोपवायचे, हातात भिंग द्यायचे आणि अडकलेली मुंगी दिसेपर्यंत उठू द्यायचे नाहीत.

डबक्यांत वायतुरा असायचा. दुभंगलेला, फिकट जांभळट तुरा, खाली पाण्यात कंद. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन साटारेन्सिस, साताऱ्यावरून दिलेलं. सर म्हणायचे, "शास्त्राला ही 1982 साली कळली. इथल्या गुराख्यांना कधी कळली, जा, विचारून या." आणि आम्ही खरंच विचारायला जायचो. एकदा म्हशींमागच्या एका मामांनी आम्हाला डबकी दाखवली. सरांनी छत्री माझ्या हातात दिली, ओल्या वहीच्या कडेला पेन्सिलीने मामांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. वडिलांच्या नावात चूक होती, ती मामांनी सुधारून घेतली.

मग घरी दाबकाम. दैनिक ऐक्यच्या जुन्या अंकांत रोप पसरायचं, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते, वर फळी आणि फळीवर दगड. पावसाळी हवेत बुरशी धरते म्हणून कागद रोज बदलायचे. काकू वर्षभर आमच्यासाठी रद्दी साठवून ठेवायच्या. माझ्या मते सरांच्या हर्बेरियमचा अर्धा मान काकूंचा आहे.

लेबल मात्र सर समोर बसून लिहून घ्यायचे. संग्राहक म्हणून विद्यार्थ्याचं नाव, मग रोप त्यांनी स्वतः हेरलेलं का असेना. 'दाखवणारे' अशी एक जास्तीची ओळ, तिथे मामांसारख्या माणसाचं नाव. स्वतःचं नाव कुठेच नाही. ते स्वतः 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलेले. कुणाचे कष्ट बिननावाचे राहू नयेत, हे त्यांच्या अंगातच होतं.

परिणाम असा, की आज संगणकावर शोधलं तर सरांचं नाव जवळपास सापडत नाही. मला हे सहन होत नाही.

त्यांच्या वह्यांची ट्रंक काकूंनी आमच्या हवाली केली आहे. साताऱ्यातली मुलं पानांचे फोटो काढताहेत, मी इथे रात्री बसून ते टाइप करते आहे. प्रत्येक नोंदीत 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं नाव घालायचं आम्ही ठरवलं आहे. सरांनी हे चालू दिलं नसतं, तरीही. काही वह्या विद्यार्थ्यांकडे राहिल्या आहेत, हे नक्की. तुमच्याकडे एखादी असेल तर काकूंकडे पोचवा, नाहीतर फोटो तरी पाठवा. फोटो काढताना पानाची कडा कापू नका. पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच आहेत.