कॉनीचा रंग कोणता?

एका दिनदर्शिकेसाठी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातल्या काही विमानांचे फोटो हवे होते. मुंबईच्या एका डिझाइन स्टुडिओचं काम. आगाऊ रक्कम वेळेवर आली, यादी नीट टाइप केलेली होती. सगळं इतकं सुरळीत की शंका यावी.

उघड्यावर उभ्या विमानांचे फोटो काढणं म्हणजे उन्हाशी भांडण. संग्रहालयाचं फाटक उघडतं तेव्हा सकाळचं कोवळं ऊन संपलेलं असतं. त्यानंतर पंखांची सावली विमानाच्या पोटावर काळी पडते आणि वरचा तेलरंग आकाश जसंच्या तसं परत फेकतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चमक कापणारा फिल्टर, फिरवला तर गोलाईच्या एका बाजूची चमक जाते, दुसरीकडची तशीच राहते, आणि विमान दोन रंगांचं दिसू लागतं. शेजारीच दाबोळीचा नौदल तळ, त्यामुळे लेन्स चुकूनही धावपट्टीकडे वळवायची नाही. हे नियम मी मनापासून पाळतो. पाळत नाहीत ते सेल्फीवाले. सी हॅरियरसमोर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मुलाला सांगितलं, “हे राफेल.” पुढच्या सी हॉकपाशीही त्यांनी तेच सांगितलं. मुलगा खूश होता.

छोटी विमानं लवकर उरकली. सी हॉकची गंमत मागून कळते. इंजिन पोटात एकच, पण धुराडं शेपटीत नाही. ते दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर येतं. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरून उडून पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला तो याच जातीच्या विमानांनी. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही, म्हणून मी मागूनही काढला. स्टुडिओने तो नाकारला. “फेस हवा.” असो.

अख्खी दुपार मात्र सुपर कॉन्स्टेलेशनने, म्हणजे कॉनीने, खाल्ली. लॉकहीड एल-१०४९जी, लांबी सुमारे ३५ मीटर, पंखांचा पसारा ३७ मीटरच्या वर. मागे सरकायला जागा पुरत नाही आणि वाइड लेन्स लावली की नाक भोपळ्यासारखं फुगतं. मग एकाच बिंदूवर कॅमेरा फिरवत उभ्या चौकटी घ्यायच्या आणि घरी त्या जोडायच्या. त्यातही हे विमान सरळ नाहीच. प्रोपेलर मोठे, ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच पायांवर उभं. पुढचा पाय फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली वाकवलेलं, आणि शेपटी वर उचललेली. जोडणीत जरा चूक झाली तर ही वक्ररेषा मोडते, आणि विमानांचा नाद असलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं. शेपटीला तीन फिन, म्हणजे उभे पंख, आहेत. एकच उंच फिन असता तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं. हे तिन्ही फिन फोटोत सुटे दिसतील अशी जागा शोधायची. पाऊलभर डावीकडे गेलात की दोन एकमेकांत मिसळतात. ती जागा मला सापडली, आणि तो फोटो मी आजही कुणालाही अभिमानाने दाखवतो.

तिथेच एक काका भेटले. मालवणकडचे, नौदलात इंजिन मेकॅनिक होते, १९८०च्या आसपास याच विमानांवर काम केलेलं. पत्नी सावलीत कंटाळून बसली होती, आणि हे इंजिनांखाली उभं राहून मान वर करून बघत होते. मी विचारलं, काका, फोटोत खास काय यायला हवं? त्यांनी बोट थेट एक्झॉस्टकडे केलं. प्रत्येक इंजिनाला अठरा सिलिंडर आणि बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणाऱ्या तीन टर्बाइन. वाया जाणारी ताकद त्या पुन्हा क्रँकशाफ्टला देतात. “रातीक खिडकेतसून बघशीत तर जाळ दिसायचो,” ते म्हणाले. आणि तेलाचं काय? “त्याल गळना नाय, तर समजायचा टाकीत त्याल नाय.” हे विमान पूर्वी एअर इंडियाचं ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, हे मी सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं, पण फारसं कौतुक दिसलं नाही. “राणी तुमची. आमची कॉनी.”

गाडं अडलं ते यावरच. फोटो पाठवल्यावर दोन दिवसांनी स्टुडिओतल्या मॅडमचा फोन आला. त्यांना नौदलाचे रंग आणि आयएन ३१५ हा क्रमांक नको होता. दिनदर्शिकेचा विषय होता जुना प्रवासी हवाई काळ, तेव्हा विमान एअर इंडियाच्या रंगात हवं. “तुम्ही रिटचिंग करताच ना?”

करतो. कुंपणाच्या तारा पुसतो, कचऱ्याची बादली पुसतो, राफेलवाल्या गृहस्थांचं डोकंही पुसलं. पण विमानाची नौदलातली सात वर्षं पुसायची? एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली १९६० मध्ये, मग कॉन्स्टेलेशन हवाई दलाकडे गेली, आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली तेव्हा ही विमानंही आली. पोटातल्या प्रवाशांच्या जागी उपकरणं आणि पाळीवरची माणसं. काकांची नोकरी त्याच रंगाखाली झाली.

मी हे बोलून दाखवलं. मॅडम हुशार होत्या. म्हणाल्या, “दादा, आज त्याच्यावर असलेला रंग तरी त्या वेळचा आहे का? उघड्यावर उभं आहे, समुद्र शेजारी आहे, तो कितीदा तरी परत लावला असणार. पत्रा मात्र एअर इंडियाच्या काळापासून तोच. मग जुना रंग लावला तर खोटं काय?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. एवढंच म्हणालो की रंग बदलून देईन, पण खाली ‘संगणकावर रंगवलेलं’ असं छापा. ते त्यांना पानाच्या मांडणीत बसेना. मग मी दुसरी गोष्ट पुढे केली: १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या हवाई दलाने दाबोळीवर बॉम्ब टाकले, तेव्हा पोर्तुगीजांचं एक कॉन्स्टेलेशन तिथेच उभं होतं, आणि रात्री अंधारात ते कराचीला निसटलं. याच जातीचं विमान, हाच तळ, आणि रंग तिसऱ्याच देशाचा. हे फोटोखाली लिहिलं तर वाचणारा दोन मिनिटं थांबेल. मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण आपल्या विषयात नाही बसत. कहाणी फोटोच्या मांडणीत बसत नाही म्हणून सोडून देणारी माणसं मी या धंद्यात इतकी पाहिली आहेत की आता राग येत नाही. खोटं सांगतो, येतो.

काकांना फोटो पाठवला, नौदलाच्या रंगातलाच. त्यांनी परत विचारलं, एक्झॉस्टचा जवळून काढलेला होता तो कुठे आहे? तोही पाठवला. त्यात शेपटी नाही, नाक नाही, क्रमांकही नाही. ते विमान कुणाचं हे त्या फोटोवरून मॅडमना सांगता आलं नसतं. काकांनी इंजिन कितव्या क्रमांकाचं तेही ओळखलं.

दिनदर्शिका छापून आली. कॉनीच्या पानावर फोटो नाही, कुणाकडून तरी काढून घेतलेलं चित्र आहे. एअर इंडियाचे रंग व्यवस्थित, ढगही सुरेख. शेपटीला मात्र दोनच फिन. मी कळवलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं.