पक्ष्यांना कडी घालण्याचा परवाना : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये पक्षी पाहायला कोणाची परवानगी लागत नाही, पण पक्षी पकडून त्याच्या पायात ओळखीचा क्रमांक असलेली कडी घालायची तर परवाना हवाच. 1981 च्या वन्यजीव कायद्याखाली विनापरवाना जाळे लावणे हा गुन्हा आहे. परवाने बीटीओ, म्हणजे ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी, ही संस्था पाहते. मात्र अर्ज आणि शुल्क भरले म्हणून परवाना मिळत नाही. आधी शिकवायला राजी असलेला प्रशिक्षक शोधावा लागतो आणि त्याला आपल्याविषयी खात्री वाटली, तरच ‘टी’ म्हणजे शिकाऊ परवान्याचा मार्ग खुला होतो. आपल्याकडे हे काम मुख्यतः बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्था करतात, त्यामुळे इंग्लंडमध्ये नोकरी सांभाळणाऱ्या हौशी माणसालाही ते शिकता येते, याचेच मला अप्रूप वाटले.

मला प्रशिक्षक बाई मिळाल्या त्या केंब्रिजजवळच्या एका खेड्यातल्या. गावाबाहेर हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांची दाट कुंपणे आणि पलीकडे बोरूचे बेट, अशी त्यांची जागा. शरद ऋतूत उजाडायच्या सुमाराला तिथे बारीक काळ्या धाग्याची जाळी उभारली जात, ठरावीक वेळाने त्यांवर फेरी मारली जाई आणि वारा किंवा पाऊस सुरू झाला की ती लगेच गुंडाळली जात. सुरुवातीला माझ्याकडे खांब वाहणे आणि वहीत नोंदी लिहिणे एवढेच काम होते. ते योग्यच होते, कारण जाळ्यातून पक्षी सोडवणे हा या विद्येतला सर्वांत कठीण भाग आहे : पक्षी कोणत्या बाजूने आत शिरला हे आधी ओळखायचे आणि मगच त्याचे पाय, पंख आणि डोके मोकळे करायचे. बराच वेळ गुंता सुटेना तर बाई शांतपणे पुढे होत. थकलेल्या पक्ष्याला कडी न घालताच सोडून देण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

दुर्बिणीतून पाहताना जात ओळखली की माझे समाधान होत असे. हातात आलेल्या पक्ष्याच्या बाबतीत खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : याचे वय काय? या कामासाठी शरद ऋतूसारखा शिक्षक नाही, कारण त्या वर्षी जन्मलेली पिल्ले आणि प्रौढ पक्षी एकाच जाळ्यात येतात. ब्लू टिटच्या पंखावरची आच्छादन पिसे सगळी सारखीच निळी असतील, तर तो प्रौढ. त्यांतली बाहेरची पिसे हिरवट राहिली असतील, तर त्याच वर्षीचा. हे वाचायला सोपे वाटते, पण ढगाळ सकाळी तो फरक दिसण्यासाठी नजर तयार व्हावी लागते. गोल्डक्रेस्टसारखा पाच-सहा ग्रॅमचा जीव तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरून हे सारे झटपट उरकायचे असते.

मला सर्वाधिक रस वाटला तो ब्लॅककॅपमध्ये. छातीवरची पिसे हलक्या फुंकरीने बाजूला केली की पातळ त्वचेखाली प्रवासासाठी साठवलेली पिवळसर चरबी दिसते. उन्हाळ्यात इथे वाढलेले ब्लॅककॅप दक्षिणेकडे निघून जातात आणि हिवाळ्यात बागांमधून दिसणारे बरेचसे मध्य युरोपातून आलेले असतात. हे समजले ते कड्यांवरच्या क्रमांकांमुळे. स्टॅफर्डशरमध्ये 1911 साली कडी घातलेली एक पाकोळी डिसेंबर 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली होती. पक्षी पकडण्याला नाके मुरडणाऱ्या निरीक्षकांपैकी मीही एक होतो. अशा नोंदींपुढे माझा विरोध फार काळ टिकला नाही.

पुढच्या टप्प्याआधी बाईंनी मला दुसऱ्या एका प्रशिक्षकाकडे पाठवले. त्यांनी माझ्या वेगाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. कडीचा आकार, पक्कड धरण्याची पद्धत आणि पंखाची मापे बारकाईने तपासली, आणि एका संशयास्पद चिफचॅफचे वय मी ‘अनिश्चित’ असे सांगितले तेव्हा ते समाधानाने हसले. आता माझ्याकडे ‘सी’ परवाना आहे. मी एकटा जाळे लावू शकतो, परंतु जबाबदारी अजून बाईंच्याच देखरेखीखाली आहे आणि नोंदी त्यांच्या नजरेखालून जातात. ऑक्टोबरमध्ये स्कँडिनेव्हियाकडून रेडविंग उतरू लागतील, तेव्हा हॉथॉर्नच्या कुंपणालगतचे जाळे मी लावायचे, असे आमचे ठरले आहे.